जिच्या तिच्या नावानं

५ फेब्रुवारी, सोमवार

आज मुदीरसाहेबांनी बोलावलं. हॉस्पिटलचे संचालक ते, पण दारावरची पाटी सोडली तर सगळीकडे त्यांना मुदीरच म्हणतात. समोरच्या कागदांवरून नजर न उचलता म्हणाले, "ओल्फा, तुझा तो ड्युटीचा प्रोग्रॅम रमजानच्या आत डिरेक्टरीला जोडून टाक. नाही जमलं तर तसं सांग, ट्यूनिसच्या कंपनीचा तयार प्रोग्रॅम घेऊ." मी जमेल म्हणाले. घाबरले ती बाहेर आल्यावर, जिन्यात.

हा प्रोग्रॅम मी एकटीनं लिहिलाय. नर्स कामावर आली की कॉम्प्युटरवर तो उघडते, नाव आणि पासवर्ड घालते, की झाली तिची हजेरी. पुढच्या पाळ्याही त्यातच दिसतात. त्याचे पासवर्ड त्याच्याजवळ, पगाराच्या प्रोग्रॅमचे त्याच्याजवळ, लॅबचे तिसरे, ईमेलचे चौथे. लोक विसरतात आणि माझी अर्धी सकाळ नवे पासवर्ड करून देण्यात जाते. तेव्हा मुदीरांचं म्हणणं खोटं नाही. पण माझं लेकरू त्या कंपनीच्या हवाली करायचं हे मला पटणारं नव्हतं.

घरी कैसला सांगितलं. माझा नवरा शाळेत इतिहास शिकवतो आणि स्वयंपाक माझ्याहून बरा करतो. त्यानं विचारलं, डिरेक्टरी म्हणजे काय? मी म्हटलं, असं समज, बाजारात प्रत्येक दुकानानं आपापला दरवान ठेवलाय. आता ते सगळे काढायचे आणि वेशीवर एकच दरवान बसवायचा, जो गावातल्या प्रत्येकाला ओळखतो. दुकानदारानं फक्त त्याला विचारायचं, हा म्हणतोय तोच हा आहे का?

"आणि वेशीवरचा झोपला तर?" असं म्हणून कैस कढईकडे वळला. मला त्या प्रश्नाचा राग आला, कारण प्रश्न बरोबर होता.

उद्यापासून रोज थोडं लिहायचं ठरवलंय. नेम टिकेल असं वाटत नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार

डिरेक्टरी ज्यांच्या ताब्यात आहे त्या मुख्तारसाहेबांकडे गेले, सगळे त्यांना सी मुख्तार म्हणतात. तळघरातली थंडगार खोली, खांद्यावर लोकरीची शाल, पुढ्यात सूर्यफुलाच्या बिया. निवृत्तीला आलेत. प्रोग्रॅमनं डिरेक्टरीला काही विचारायचं तर आधी प्रोग्रॅमला तिथे स्वतःचं खातं लागतं. ते त्यांनी लगेच काढून दिलं. पण पासवर्ड तारेतून उघडे धावू देणार नाही म्हणाले. बोलणं कुलूपबंद व्हायला हवं, त्यासाठी एक प्रमाणपत्र लागतं, ते बनवून देईन. तोवर चाचणीच्या डिरेक्टरीवर खेळ.

कधी मिळेल विचारलं. "पुढच्या आठवड्यात, इन्शाल्लाह." आणि एक बी फोडली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

नावांनी जीव खाल्ला. आमची नावं अरबी, पण कॉम्प्युटरात फ्रेंच अक्षरांत लिहिलेली, आणि तीही त्या त्या कारकुनाच्या लहरीनं. बूगत्तास, बूगेत्तास, बूघट्टास हे तीन भाऊ नव्हेत. एक्स-रेमधला तो एकच माणूस आहे. माझ्या प्रोग्रॅमनं डिरेक्टरीत शोधायचं तरी कुणाला?

सकाळी वाटलं, पूर्ण नावानं शोधावं. दुपारी कळलं की नाजिया फुराती दोन आहेत. एक सर्जन आणि एक स्वयंपाकघराच्या कोठीवर. चाचणीत कोठीवरच्या नाजियाचं नाव घातलं तर प्रोग्रॅमनं तिला ऑपरेशन थिएटरची पाळी दाखवली. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, नाहीतरी दिवसभर कापाकापीच करते.

म्हणून आता नाव नाही, कर्मचारी क्रमांक. तो प्रत्येकाच्या ओळखपत्रावर असतो आणि दोघांचा कधी सारखा नसतो. पण माझ्याकडच्या जुन्या नोंदींत तो नाहीच. म्हणजे वॉर्डावॉर्डांतून हिंडून प्रत्येकाला विचारायचं.

बालविभागापासून सुरुवात केली आणि तिथेच अडले. त्या वॉर्डात सगळ्यांना मिळून एकच खातं, एकच पासवर्ड. हे कधी झालं मला माहीतही नव्हतं. तिथल्या मुख्य नर्स सासिया, वयानं मोठ्या म्हणून सगळ्यांच्या लल्ला सासिया. उंच, आवाज खालचा. वॉर्डातली रडणारी पोरं त्या आल्या की का कोण जाणे गप्प होतात. मी क्रमांक मागितले तर म्हणाल्या, "आमचं ठीक चाललंय, बिन्ती, माझ्या पोरी. आम्हाला एक पासवर्ड पुरतो आणि तो सगळ्यांना पाठ आहे. तू याहून सोपं काय देणार?"

कॉम्प्युटर आवडत नाही त्यांना. त्या पिढीचं असंच असतं.

१४ फेब्रुवारी, बुधवार

प्रमाणपत्राची आठवण करायला तळघरात गेले तर सी मुख्तार जागेवर नाहीत. अंगणातल्या तुतीखाली लल्ला सासियांबरोबर चहा पीत बसले होते. दोघं लहानपणी एकाच गल्लीत होते म्हणे. मी जवळ गेल्यावर बोलणं थांबलं. प्रमाणपत्राचं विचारलं तर म्हणाले, मशीनमध्ये काहीतरी अडचण आलीय, वेळ लागेल. सकाळी फोनवर विचारलं तेव्हा तर काही अडचण नव्हती.

सरकारी माणूस निवृत्तीला आला की त्याचं घड्याळ सावकाश चालतं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

चाचणीची आवृत्ती दाखवायला काही मुख्य नर्सेसना बोलावलं होतं. प्रत्येकीला चाचणीपुरता क्रमांक आणि पासवर्ड कागदावर दिला. लल्ला सासियांनी चष्मा आणला नव्हता. क्रमांक घातला, पासवर्डाची जागा तशीच कोरी सोडली आणि एंटर दाबलं. पडदा उघडला. 'सुस्वागतम'.

"हे मात्र बरं आहे," त्या म्हणाल्या. "काही विचारतसुद्धा नाही."

बाकीच्यांना चहाला पाठवलं आणि मुदीरांचा क्रमांक घालून पासवर्ड कोरा ठेवला. मुदीर म्हणून आत गेले. अख्ख्या हॉस्पिटलची हजेरी माझ्यापुढे उघडी. हे असंच चालू झालं असतं तर कुणीही कुणीही होऊ शकलं असतं.

तशीच तळघरात धावले. सी मुख्तारांनी ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले. मग शांतपणे समजावलं. डिरेक्टरीकडे कुणी पासवर्ड न देता आलं तर ती त्याला अनोळखी पाहुणा समजते. हाकलत नाही, अंगणात उभं राहू देते, म्हणते ठीक आहे. तुझ्या प्रोग्रॅमला तेवढं 'ठीक आहे' ऐकू आलं आणि त्यानं पाहुण्याला माजघरात नेऊन बसवलं. म्हणाले, माझ्याकडून पाहुण्यांचं दार मी बंद करतो, पण तूही कोरा पासवर्ड वेशीपर्यंत नेऊच नकोस, आपल्या उंबऱ्यावरूनच परत पाठव.

ओळभर बदल. पण दिवसभर ती ओळच पुन्हा पुन्हा तपासत होते. कैसनं रात्रीच्या जेवणाला ऑक्टोपस घालून कुसकुस केलं होतं. मी तीनदा वाढून घेतलं. थोडक्यात वाचल्याची भूक वेगळीच असते.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

कैसच्या प्रश्नाचंही उत्तर तयार केलं. वेशीवरचा दरवान झोपला, म्हणजे डिरेक्टरी बंद पडली, तर प्रत्येक वॉर्डात एक आणीबाणीचं खातं, मोहोरबंद पाकिटात. पाकीट फुटलं की मला आणि मुदीरांना कळणार.

हे सी मुख्तारांना सांगायला गेले. त्यांनी मान डोलावली, आणि प्रमाणपत्राचं विचारल्यावर भलतंच काढलं. बालविभागात परत गेलीस का? नाही म्हटलं. "जा एकदा. सकाळी नको, पाळी बदलते तेव्हा जा. प्रोग्रॅम कोण कसा वापरतं ते बघितल्याशिवाय जोडू नये."

विषय टाळायची त्यांची हातोटी दांडगी आहे. पण गेलं पाहिजे हे खरं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

लल्ला सासिया भाचीच्या लग्नाला महदियाला गेल्या आहेत. त्या नाहीत तोवर क्रमांक गोळा करून टाकावेत असा माझा बेत. संध्याकाळी पाळी बदलताना गेले. मोनिया नावाची नर्स कॉम्प्युटरपाशी होती. वॉर्डाच्या खात्यातून तिनं हजेरी लावली. स्वतःची नव्हे, इब्तिसामची. मी मागेच उभी होते. इब्तिसाम कुठे आहे विचारलं. मोनियानं माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

मग सांगितलं. इब्तिसामची आई करकना बेटावर एकटी असते आणि तिला आता माणसं ओळखू येत नाहीत. दिवसा शेजारीण बघते. रात्री आई दार उघडून समुद्राकडे चालू लागते. एकदा कोळ्यांनी परत आणून सोडली. म्हणून इब्तिसामला शेवटची बोट गाठावीच लागते. तिच्या रात्रपाळ्या या चौघीजणी वाटून घेतात आणि ती त्यांचे रविवार, सणवार करते. काम कुणाचं बुडत नाही. पण कागदावर रात्री इब्तिसाम असते आणि वॉर्डात मोनिया.

"लल्लानं दोनदा रीतसर अर्ज केला होता," मोनिया म्हणाली. "पाळी बदलायला मुदीरांच्या ऑफिसची सही लागते. सही यायला महिना लागतो. म्हातारी महिनाभर थांबते का?"

मी क्रमांक न मागताच परतले.

२८ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर काम केलं आणि काहीच केलं नाही.

माझा प्रोग्रॅम चालू झाला की प्रत्येकीला स्वतःच्या नावानं आत यावं लागेल. मग मोनियाला इब्तिसाम होता येणार नाही. इब्तिसामच्या गैरहजेऱ्या लागतील, आणि चार-पाच लागल्या की चौकशी. आणि हे मी हौसेनं करतेय.

पण दुसरी बाजूही डोक्यातून जात नाही. रात्री एखाद्या पोराला चुकीचं औषध गेलं तर? कागद म्हणेल इब्तिसाम, आणि ती तर बेटावर आईचा हात धरून झोपलेली. अंगावर कुणाच्या येणार?

कैसला विचारलं. मला वाटलं तो म्हणेल, वॉर्डाचं खातं तसंच राहू दे. तो म्हणाला, "खोटं चांगल्या कामासाठी असलं तरी राखायला रोज कुणीतरी जागं राहावं लागतं." मग म्हणाला, मुळात नियम बदलत का नाही? इतिहासाच्या मास्तरांना सगळं सोपं वाटतं.

१ मार्च, शुक्रवार

लल्ला सासिया परतल्या. मी जाण्याआधी त्यांनीच बोलावलं. मोनियानं सांगितलं होतं. औषधांच्या खोलीत नेलं, दार लावलं, स्टुलावर बसवलं, हातात लग्नातला बदामाचा लाडू दिला. मी तो तसाच धरून बसले.

"कुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नवऱ्याला."

"नवरा ठीक आहे." मग म्हणाल्या, "तुला वाटत असेल मला कॉम्प्युटरची भीती वाटते."

वाटतच होतं.

"मला त्याची नाही भीती, बिन्ती. तो विसरत नाही याची आहे. माणूस बघून न बघितल्यासारखं करतो. मुख्तार करतो, दारावरचा शिपाई करतो. तुझ्या यंत्राला तेवढं कुठे कळणार?"

मी म्हटलं, "आणि एखाद्या रात्री वॉर्डात काही झालं तर? नाव इब्तिसामचं लागेल."

त्या दाराकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तू मला नवीन काय सांगतेयस? मी अशा रात्री घरी असते, पण झोपलेली नसते. फोन उशाशी असतो." त्यांचा आवाज तसाच होता, पण हातांनी ओढणीच्या टोकाची घडी घालत होत्या, मोडत होत्या.

मी एवढंच म्हणाले की सोमवारपर्यंत मला वेळ द्या. काय करणार ते मला अजून माहीत नाही. लाडू रुमालात बांधून आणला. घरी येऊन खाल्ला, फार छान होता.

४ मार्च, सोमवार

सुचलं, आणि सुचलं तेव्हा इतकं सरळ वाटलं की स्वतःचंच हसू आलं.

आजवर पाळी बदलायला कागद का लागायचा? कारण प्रोग्रॅमला कोण बोलतंय हेच ठाऊक नव्हतं. वॉर्डाचं खातं म्हणालं 'मोनियाला चालेल', तर ते मोनिया म्हणाली की आणखी कुणी, कसं कळणार? पण डिरेक्टरी जोडली की मोनिया ही मोनियाच. मग इब्तिसाम तिच्या नावानं विचारेल, ते सगळ्यांच्या फोनवर जाईल, मोनिया तिच्या नावानं हो म्हणेल, आणि लल्ला सासिया त्यांच्या नावानं मंजूर करतील. डिरेक्टरीत मुख्य नर्सेसचा वेगळा गट आहेच, मंजुरीचं बटण फक्त त्या गटाला दिसेल. कागद नाही, महिना नाही, आणि हजेरी खरी. जी असेल तिचीच.

शनिवार-रविवार बसून केलं. कैसनं दोन्ही दिवस मला हाक मारली नाही, नुसती कॉफी आणून ठेवली.

आता मुदीर. आजारी म्हातारीची गोष्ट सांगायला गेले तर चौकशीच लागली असती, म्हणून रमजानची गोष्ट सांगितली. मागच्या रमजानात सगळ्यांनाच इफ्तारला घरी जायचं होतं आणि पाळीबदलाच्या अर्जांनी तुमचं टेबल दिसत नव्हतं, आठवतंय? त्यांनी प्रथमच मान वर केली. "म्हणजे यातला एकही कागद माझ्याकडे येणार नाही?" मी म्हटलं, महिन्याच्या शेवटी एक गोषवारा येईल. त्यांनी उभ्या उभ्या परिपत्रकावर सही केली. मला वाटतं, मी आणखी काही मागितलं असतं तर त्यावरही केली असती.

७ मार्च, गुरुवार

बालविभागात सगळं दाखवलं. इब्तिसामला मी पहिल्यांदाच भेटले. लहानखुरी, बोटीच्या वाऱ्यानं रापलेला चेहरा. तिनं एकच विचारलं, "म्हणजे मी नसेन तेव्हा इथे 'नाही' असंच लिहिलेलं असेल?" मी हो म्हटलं. तिनं डोळे पुसले आणि ओळखपत्र काढून क्रमांक वाचून दाखवला. मग सगळ्यांनीच काढली. लल्ला सासियांनी सर्वांत शेवटी.

गंमत म्हणजे त्यानंतर घटकाभरात सी मुख्तार स्वतः जिने चढून माझ्या टेबलापाशी आले. प्रमाणपत्र तयार आहे म्हणाले. मी जोडून पाहिलं, पहिल्या फटक्यात चाललं. फक्त त्यावरची तारीख १२ फेब्रुवारीची पडलीय. त्यांच्या मशीनचं घड्याळ चुकीचं असणार. तसं सांगितलं तर म्हणाले, "असेल बाई, बघतो," आणि हसत खाली गेले. त्यांचं असंच असतं. पण अगदी वेळेवर दिलं, हे उपकारच.

११ मार्च, सोमवार

चालू झालं.

सकाळच्या पाळीला मी दारातच उभी होते. बूगत्तास पहिल्याच खेपेला आत गेला. कोठीवरच्या नाजियाला कोठीच दिसली, त्यावर ती म्हणाली की तिची बढती गेली. तिघाचौघांनी पासवर्ड चुकवून खाती अडकवून घेतली, ती सी मुख्तारांनी तळघरातून सोडवली. पाकीट एकही फुटलं नाही. दुपारी वॉर्डांची सामायिक खाती बंद केली. बालविभागाचं मी लल्ला सासियांच्या समोर बंद केलं. त्या म्हणाल्या, चला, आज रात्री झोपते.

संध्याकाळी चंद्राची बातमी आली. उद्यापासून रोजे.

२२ मार्च, शुक्रवार

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही बिघडलं नाही. इब्तिसामच्या पाळ्या रीतसर बदलल्या जातात. ती आज दुपारच्या बोटीनं गेली, उजळ माथ्यानं, मुख्य दारातून.

आज बालविभागाच्या नर्सेसनी मला इफ्तारला बोलावलं. सूर्यास्ताच्या तोफेच्या आवाजाबरोबर खजूर, मग सूप, मग मोनियाच्या सासूनं पाठवलेले, आत अंडं घालून तळलेले ब्रीक, इतके कुरकुरीत की अंडं हनुवटीवर ओघळलं. चहा झाल्यावर लल्ला सासिया उठून कॉम्प्युटरपाशी गेल्या. आज चष्मा होता. एकेक अक्षर शोधत त्यांनी क्रमांक आणि पासवर्ड घातला, पाठ माझ्याकडे होती. मग मला हाक मारली.

"हे पाळी बदलायचं, मुख्य नर्सलापण चालतं का?"

मी म्हटलं, का नाही चालणार.

"इतक्या वर्षांत ईदच्या आदल्या रात्री मी घरी कधी नव्हते," त्या म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही असं. "नातवंडांचे नवे कपडे मी नेहमी दुसऱ्या दिवशी बघते, मळलेले."

आणि त्यांनी त्या रात्रीची पाळी बदलून मागितली. बटण दाबलं.

मोनियाच्या खिशात फोन वाजला. मग दुसरीच्या. मग सगळ्यांच्याच. क्षणभर कुणी कुणाकडे बघितलं नाही, सगळ्या माना फोनमध्ये. करकन्याहून इब्तिसामनंही दाबलं असणार, कारण पडद्यावर पहिलं नाव तिचंच उमटलं, खाली शेरा, 'त्या रात्री शेजारीण आईजवळ झोपेल', आणि तिच्या स्वतःच्या नावानं: चालेल.

बाकीच्यांचे होकार प्रोग्रॅमनं घेतलेच नाहीत. एका पाळीला एकच होकार, तसंच मी लिहिलंय. मोनिया माझ्यावर चिडली. म्हणाली, करकन्याला बसून ती आमच्या आधी कशी दाबते, तुझ्या यंत्रात काहीतरी खोट आहे. दुसरी म्हणाली, बेटावर फोन नीट लागतच नाही, पुन्हा बघ. लल्ला सासियांनी चष्मा काढून ओढणीनं पुसला, परत घातला, आणि पडदा आपोआप बंद होईपर्यंत त्या नावाकडे बघत राहिल्या.